सेल्माबाईंच्या नावावरची शेवंती

हेमंताच्या उंबरठ्यावरची ती सुवर्णमंथर सकाळ. लिंडनची पाने झडत होती. पीतपर्ण, ताम्रपर्ण, कनकपर्ण. झडत होती आणि झडताना मुळीच घाई करत नव्हती. धूम्रवर्णी, मंदगामिनी नदी गावाला वळसा घालून चालली होती आणि तिच्या काठी वायडेनफुर्ट नावाचं जर्मन गाव धुक्याची शाल कानावर ओढून पडलं होतं. चार कौलारू गल्ल्या, एक घंटाघर, एक बेकरी. सगळं इतकं नीटनेटकं, की झाडावरून सुटलेलं पानसुद्धा आधी जागा बघून मगच खाली पडत असावं.

बेकरीच्या दारासमोर, करड्या फरशीत, एक पितळी चौकोन होता. तळहाताएवढा. त्यावर कोरलेल्या चार ओळी. उन्हाची तिरीप आली की तो उजळे, तिरीप सरली की गप्प होई. पायाखाली पितळ, पितळावर नाव.

आणि त्या नावावर, ऑक्टोबरातल्या त्या सकाळी, मिलकाबाई थळकरांचा पाय पडला.

मिलकाबाई अष्टागरातल्या, अलिबागच्या बाजूच्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी यहुदी. त्यांच्या पूर्वजांचं गलबत म्हणे तिथल्या खडकांवर फुटलं, आणि त्या नारळीगर्भ, लाटाकुल किनाऱ्याने त्यांना ‘जेवलात का’ याहून अवघड प्रश्न आजवर विचारला नव्हता. घरी तेलाचा घाणा, शनिवारी सुट्टी, दाराच्या चौकटीला मेझुझाची डबी. आत देवाचं वचन लिहिलेलं, म्हणून येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटं ओठांना. मुलगी दीना इथल्या इस्पितळात नर्स, म्हणून त्या हिवाळ्यापुरत्या आल्या होत्या. सोबत नवसाच्या मलिद्याचे पोहे, नारळ, चिंचेचा गोळा, आणि जर्मन भाषेचा एकही शब्द नाही.

पाय लागला तशा त्या थांबल्या. गुडघ्यांची समजूत घालत वाकल्या. पितळेला बोटं लावली, बोटं ओठांना लावली आणि म्हणाल्या, “चुकून पाय लागला हो.”

मग त्यांनी नीट पाहिलं. पितळ आहे. पितळेवर नाव आहे. आता मराठी बाईच्या जगात पितळेवर नाव असण्याचा अर्थ एकच: हे कुणाचं तरी भांडं आहे. लग्नात आलेलं, शेजारी गेलेलं आणि परत यायचं राहिलेलं. बाई, कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं, आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते पार फरशीत दाबून टाकलं. मिलकाबाईंनी ते नखाने उचकटायला घेतलं. नखाने जमेना, तेव्हा केसांतला आकडा काढला. ज्याची वस्तू त्याला द्यावी, एवढाच त्यांचा शुद्ध हेतू होता.

काचेआडून बेकरीवाला ओटमार पाहत होता. पर्वतकाय, पिष्टधवल, लाजाळू माणूस. नऊवारी नेसलेली, वरून जाडजूड कोट घातलेली एक म्हातारी आपल्या दारातली फरशी आकड्याने उकरते आहे, यावर काय म्हणावं हे त्याला सुचेना. त्याने बाहेर येऊन तिच्या हातात एक गरम पाव ठेवला. मिलकाबाईंना वाटलं, झाकण याचंच असावं.

संध्याकाळी दीनाने आईला समजावलं.

“आई, झाकण नाही ते. आता बेकरी आहे त्या घरात सेल्मा नावाची बाई राहत होती. ज्यू होती. नाझींनी धरून नेलं आणि मारून टाकलं. तिला कबरसुद्धा नाही. म्हणून तिच्या दाराशी तिचं नाव बसवलंय. अडखळण्याचा दगड म्हणतात त्याला. पाव घ्यायला निघालेल्या माणसाचं मन तिथे जरा अडखळावं, म्हणून.”

मिलकाबाईंचा घास हातातच राहिला. “आपल्यातली होती?”

“हो.”

“आणि तिला पायाखाली घातली?”

“तसं नाही गं ते.”

“मग कसं हाय?”

कसं आहे ते सांगायला वेळ लागला असता, आणि दीनाच्या रात्रपाळीची बस खाली येऊन उभी होती. तिने आईच्या गालाला गाल लावला आणि गेली.

मिलकाबाईंना वाईट वाटलं. साधं, सरळ, पोटातून वाईट वाटलं. जिला माती मिळाली नाही, तिच्या नावावर पावाच्या रांगेतले बूट. त्या बाईचं आडनाव इतकं लांब, की ते म्हणेपर्यंत चहा निवला असता. म्हणून मिलकाबाईंनी तिला सेल्माबाई म्हणायचं ठरवलं. आणि मनाशी आणखी एक ठरवलं. मी इथे आहे तोवर या बाईला कुणाचा पाय लागू द्यायचा नाही.

दीनाच्या गॅलरीत शेवंतीच्या कुंड्या होत्या. पीतांबरी, तांबूस, दुधाळ. एकेक करून त्या तीन जिने उतरल्या. मिलकाबाईंनी चार कुंड्या दगडाच्या चार कोपऱ्यांवर मांडल्या, मागे सरून पाहिलं आणि समाधानाने पदराला हात पुसले.

पण जर्मन माणसाचे पाय लांब. दीर्घजंघ, द्रुतगती ती माणसं कुंड्यांवरून टांग टाकत आणि टाकलेली टांग नेमकी सेल्माबाईंवर उतरे. तेव्हा मिलकाबाईंनी पाचवी कुंडी आणली, सगळ्यांत वजनदार, आणि ती मधोमध ठेवली. थेट नावावर.

दीनाने विचारलं, “आई, कुंड्या कुठे गेल्या?”

“खाली ऊन बरं लागतं त्यांना,” मिलकाबाई म्हणाल्या. खाली ऊन नव्हतं. वरही नव्हतं. त्या देशात ऊन म्हणजे जावयासारखं. आलं तर आलं, आणि आलं की सगळी कामं टाकून त्याच्याकडे बघायचं.

आता कुणाच्याही मनात येईल, की गावातल्या एकानेही विचारू नये? पण ओटमारला वाटलं, कुंड्या नगरपालिकेच्या. नगरपालिकेच्या झाडूवाल्याला वाटलं, बेकरीच्या. काटकोनात, सारख्या अंतरावर मांडलेली वस्तू परवानगीशिवाय मांडलेली असू शकते, ही शंकाच त्या गावाला शिवत नव्हती. झाडूवाला कुंड्यांभोवती झाडत असे. रांग कुंड्यांभोवती वळत असे. पानं पडत होती, पानं उचलली जात होती, आणि शेवंती फुलत होती.

मिलकाबाई रोज येत. बेकरीच्या बाकावर पाव खात बसत आणि सेल्माबाईंशी बोलत. घाण्याचा बैल कसा रुसायचा ते सांगत. दीना लग्नाचं नाव काढू देत नाही ते सांगत. इथल्या लोकांच्या भाजीत मीठ आहे पण मन नाही, हेही सांगत. सेल्माबाई सगळं ऐकून घेत. परदेशात ऐकून घेणारी बाई मिळणं कठीण.

उठताना त्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतत. कुंडीच्या तळाला भोक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या भोकाखाली काय चाललं आहे, ते मात्र ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरची नऊ तारीख उजाडली. शिशिरस्पर्शी, निष्पर्ण, निःशब्द. कधी काळी याच तारखेला या देशात यहुद्यांची प्रार्थनाघरं जाळली गेली होती; म्हणून याच दिवशी वायडेनफुर्टची चार माणसं मेणबत्ती, पांढरी फुलं, फडकी आणि पितळ घासायची ट्यूब घेऊन निघत आणि दगड लखलखीत करत.

पुढे इर्मगार्ड. नव्वदीची, धनुष्यवक्र, काठीवर सगळा भार. सेल्माबाईंचं दुकान बटणांचं होतं, आणि लहानग्या इर्मगार्डला त्या बटणांच्या पेटीत हात बुडवू देत. कोपरापर्यंत थंडगार, रंगीत, खुळखुळणारी बटणं. एक तांबडं बटण त्यांनी तिला दिलंही होतं. ते तिने हरवलं. ते हरवलं हे ती दरवर्षी नव्याने सांगे, आणि दरवर्षी तिला तेवढंच वाईट वाटे.

मागे डेटलेफ. निवृत्त इतिहास-शिक्षक, करुणगंभीर, खिशात भाषण. भाषण दरवर्षी थोडं लांबत होतं.

बेकरीशी येऊन ती थांबली. दगडाच्या जागी शेवंती. ओटमार म्हणाला, नगरपालिकेची आहे. डेटलेफ म्हणाला, नगरपालिकेने आम्हाला कळवलं असतं. त्याने मधली कुंडी उचलली.

खाली काळोख होता. कुंडीच्या बुडाएवढा गोल, ओला, हिरवट काळा डाग. आणि त्या डागात नाव नव्हतं, साल नव्हतं, काही नव्हतं.  इर्मगार्ड फरशीच्या कडेवर बसली आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

डेटलेफचा चेहरा पांढराफटक पडला. त्या देशात, त्या तारखेला, त्या नावावर काळं फासलेलं सापडणं ही साधी गोष्ट नव्हे. “कुणीतरी मुद्दाम केलंय हे,” तो हळूच म्हणाला. त्याने फोन काढला. पोलीस, मग महापौर, मग वर्तमानपत्र, असा त्याच्या बोटांचा क्रम ठरलेला होता.

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मिलकाबाई पाहत होत्या. भाषा कळत नव्हती, पण गाव जमल्याचं आणि कुणीतरी सापडणार असल्याचं कळायला भाषा लागत नाही. काळा डागही वरून दिसत होता.  ज्या नावाला पाय लागू नये म्हणून आपण कुंड्या वाहिल्या, ते नाव आपणच गिळलं.

जिने उतरताना त्यांनी दीनाला हाक मारली. दीना कामावर होती. मग त्या एकट्याच गर्दीत शिरल्या. डेटलेफच्या पायाशी ठेवलेली कुंडी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “माझी हाय.”

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी कुंडीकडे बोट केलं, स्वतःकडे बोट केलं, डागाकडे बोट केलं आणि मान खाली घातली. हे सगळ्यांना कळलं. डेटलेफचं बोट फोनवर थबकलं.

मग मिलकाबाईंनी कारण सांगितलं, मराठीतून आणि हातवाऱ्यांतून. बूट दाखवला आणि जोरजोरात मान हलवली. पितळ दाखवलं, बोटं ओठांना लावली. पुन्हा बूट, पुन्हा नाही. शेवंतीचं फूल कपाळाशी नेलं. डेटलेफ शिकलेला माणूस. त्याला अर्थ लागला. “हिंदू,” त्याने इतरांना समजावलं. ही हिंदू चालीरीत आहे.

“हिंदू नाय हो,” मिलकाबाई म्हणाल्या. “यहुदी. बेने इस्राएल.” आणि त्यांनी कुंडी खाली ठेवली, उजव्या हाताने डोळे झाकले आणि शेमा म्हटला, ती प्रार्थना, जी त्यांच्या माणसांनी गलबत फुटल्यावर, पोथ्या बुडाल्यावर, भाषा विसरल्यावरही लक्षात ठेवली होती.

वायडेनफुर्टच्या त्या गल्लीत ते शब्द सेल्माबाईंनंतर कुणी दाराशी उभं राहून म्हटले नव्हते. इर्मगार्डने मान वर केली. ओटमारने टोपी काढली. टोपीतून पीठ सांडलं.

डेटलेफची मात्र पंचाईत झाली. गावातून नाहीशा झालेल्या यहुद्यांवर तो वर्षानुवर्षं बोलत आला होता, आणि आता त्यांतली एक नऊवारीत, कुंडीसकट, समोर उभी होती, आणि त्याला बोलायला काही सुचत नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि सोडायचा विसरला. मग डोळे भरून आल्यावर तो क्षमा मागू लागला. या गल्लीसाठी, गावासाठी, देशासाठी, अख्ख्या त्या शतकासाठी.

मिलकाबाईंना वाटलं, कुंडी परस्पर उचलल्याबद्दल म्हणतो आहे. “असू दे,” त्या म्हणाल्या. “असू दे, बाबा.” आपण नेमकी कशाची क्षमा केली हे त्यांना कधीच कळलं नाही. कळलं असतं तर केली असती की नाही, सांगवत नाही. ती करणं त्यांच्या हातातलं नव्हतंच.

मग घासणं सुरू झालं. इर्मगार्डची ट्यूब आणि मिलकाबाईंनी वरून आणलेली चिंच. दोन म्हाताऱ्या एका तळहाताएवढ्या पितळेवर वाकलेल्या. एक जर्मनमधून म्हणत होती की हे आंबट इथे नको, दुसरी मराठीतून म्हणत होती की त्या मलमाला वास येतो. आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. एकीने लावावं, दुसरीने पुसावं. अक्षर उमटे, पुन्हा मळे, पुन्हा उमटे. डेटलेफ मेणबत्ती धरून उभा होता. भाषण त्या वर्षी खिशातच राहिलं, आणि ओटमारने त्याबद्दल मनोमन देवाचे आभार मानले.

नाव वर आलं. सालं वर आली. पण त्यांच्याभोवती एक काळसर कडं राहिलंच. चिंचेलाही हटेना, ट्यूबलाही हटेना. तेव्हा इर्मगार्ड काठीच्या आधाराने उठली, आणि तिने आपल्या बुटाचा तळवा सेल्माबाईंच्या नावावर ठेवून खसाखसा घासला.

मिलकाबाईंनी तिचा घोटा धरला. नव्वदीच्या बाईचा घोटा, दोन्ही हातांनी. “अगो, काय करतेस?”

नेमकी तेव्हाच पाळी संपवून दीना आली. आपली आई भर रस्त्यात एका वृद्धेचा पाय धरून बसली आहे, हे पाहून तिला वाटलं, क्षमायाचना चालली आहे. मग तिने दोन्ही बाजूंचं ऐकलं. इर्मगार्ड बोलली, दीनाने मराठीत सांगितलं.

“आई, त्या म्हणतात, आम्ही घासतो वर्षातून एकदा. बाकीचे दिवस पाव घ्यायला येणाऱ्यांचे पाय घासतात. पाय पडतात म्हणून नाव उजळ राहतं. पाय थांबले म्हणून काळं पडलं.”

मिलकाबाईंनी घोटा सोडला. 

त्यांना यमुताई आठवल्या. अष्टागरातल्या शेजारीण, भिंतीला भिंत. यमुताईंचे यजमान वारले तेव्हा त्यांनी शंकराच्या देवळाच्या पायरीवर त्यांचं नाव कोरून घेतलं होतं. मिलकाबाई तेव्हा चिडल्या होत्या. नवऱ्याला जन्मभर धाकात ठेवलंस, आता गावाच्या पायाखाली घातलंस होय? यमुताई हसल्या होत्या. “देवाकडे जाणाऱ्यांचे पाय गो ते. लागू देत त्यांना.” त्या उत्तराने मिलकाबाईंचं समाधान झालं नव्हतं. गौरी यायच्या दिवशी मात्र त्या रागबिग विसरून यमुताईंच्या दारात उभ्या राहत. उंबऱ्यापासून आत पिठाची पावलं उमटत जात आणि बाया एकमेकींना विचारत, गौरी आली, कशाच्या पावलांनी आली? उत्तर मिलकाबाईंनाही पाठ होतं.

“पावाकडे जाणाऱ्यांचे पाय,” त्या स्वतःशी म्हणाल्या. आणि त्यांनी कुंड्या उचलल्या. एक इर्मगार्डला दिली, एक ओटमारला, एक डेटलेफला, जो ती भाषणासारखी छातीशी धरून घरी गेला.

दुसरी सकाळ. हिमकणधवल, नितळ, निळसर. पावाचा वास गल्लीभर पसरलेला, आणि दारासमोर उघडं पितळ. मिलकाबाई बाकावर येऊन बसल्या आणि वाट पाहू लागल्या.

पण रात्रीत गावभर बातमी गेली होती. सुदूर पूर्वेकडून एक यहुदी आजी आली आहे आणि त्या नावाला पाय लागलेला तिला चालत नाही. आज्ञाधारक, सुसंस्कृत, शिस्तप्रिय वायडेनफुर्ट. रांग दगडापाशी आली आणि वळली. एकही बूट पितळेजवळ गेला नाही. लोक लांबूनच मिलकाबाईंना मान लववत, मोठा वळसा घालत आणि चोरासारखे पावलं मोजत आत जात. एक जण तर चुकून जवळ आला म्हणून चार पावलं मागे गेला आणि मागच्याच्या पायावर उभा राहिला.

मिलकाबाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. कुंड्या होत्या तेव्हा निदान त्या उचलता तरी येत होत्या. आता या लोकांचा आदर कसा उचलायचा? आणि दोन महिन्यांनी आपण परत गेल्यावर सेल्माबाई या आदराखाली काळ्या पडणार.

त्या उठल्या. रांगेच्या पुढे आल्या. जाडजूड बुटांची नाडी सोडली, बूट काढून बाजूला ठेवले, मोजे काढले.  त्या गोठलेल्या फरशीवर त्यांची भेगाळलेली, घाण्याभोवती फिरून सपाट झालेली पावलं उघडी पडली. दीना पुढे झाली. त्यांनी तिला हाताने थांबवलं.

उजवा पाय उचलला. एवढ्याशा पितळेवर ठेवला. पूर्ण, टाचेपासून बोटांपर्यंत, सगळा भार देऊन.

“चुकून नाय हो,” त्या म्हणाल्या.  “मुद्दाम लावला पाय, सेल्माबाई.”

मग वाकल्या. बोटं पितळेला, बोटं ओठांना. आणि रांगेकडे वळून त्यांनी हात हलवला, पंगतीत पानावर बोलवावं तसा. या. या की.

आधी इर्मगार्ड आली. मग डेटलेफ, चोरट्यासारखा, एका पायाचा चवडा टेकवून. “पुरा ठेव,” मिलकाबाईंनी दटावलं. त्याने पुरा ठेवला. मग दप्तरवाली मुलगी, मग झाडूवाला, मग टपालवाली. मंदगती, नतमस्तक, एकामागून एक.

सगळ्यांत शेवटी ओटमार. पिठाच्या कोठीतून बाजूच्या बोळाने तो आला आणि आपल्याच बेकरीच्या रांगेत शेवटी उभा राहिला. पाळी आली तेव्हा त्याने आपला पीठभरला अवाढव्य बूट नावावर अलगद टेकवला, आणि समोरच्या दाराने आत गेला.

त्याच्यामागे, करड्या फरशीवर, पांढरी पावलं उमटली. पितळी नावापासून एक, दोन, तीन, पायरीवर एक, उंबऱ्यावर एक, आणि मग आत, उबेत, पावाच्या वासात, ज्या घरात कधी बटणं खुळखुळत होती त्या घरात.

मिलकाबाई अनवाणी उभ्या होत्या. थंडी त्यांना लागत नव्हती. त्या पावलांकडे त्या बघत राहिल्या आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, यमुताईंच्या दारातलं या दारात:

कोण आली? सेल्मा आली. कशाच्या पावलांनी आली? पितळेच्या पावलांनी आली, पिठाच्या पावलांनी आली; आपल्या घरी आली.